अठ्ठाविसाव्या दिवसाची परीक्षा

कोळसा भूगर्भांतून सुखासुखीं हातीं येत नाहीं. उघड्या खाणींत त्याच्यावरील माती, वाळूचा खडक आणि शेल नांवाचा पापुद्र्यांचा मातकट खडक आधीं उपसावा लागतो. हा उपसा खाणीशेजारीं रचला जातो व पाहतां पाहतां त्याचे डोंगर होतात. चंद्रपूर, वणी, उमरेड या बाजूच्या वाचकांस ते परिचित असतीलच.

हे ढीग निरुपद्रवी असतात असें समजूं नये. २१ ऑक्टोबर १९६६ रोजीं वेल्समधील ॲबरफॅन या गांवीं, झऱ्यावर रचलेला असाच एक ढीग पाण्यानें भिजून घसरला तो शाळेवर व घरांवर आला. १४४ माणसें मृत्यु पावलीं. त्यांत ११६ मुलें होतीं. म्हणून या ढिगांचा कांहीं विनियोग व्हावा, ही इच्छा केवळ काटकसरीची नव्हे. शिवाय नदीची वाळू उपसून उपसून आपण पात्रें ओरबाडलीं आहेत. तेव्हां वाळूच्या जागीं हा उपसा काँक्रीटमध्यें चालेल काय, हा प्रश्न ओघानेंच येतो.

परीक्षेची रीत सरळ आहे. पहिलें मिश्रण नेहमींच्या वाळूचें करितात. पुढील मिश्रणांत वाळूचा दहावा, पांचवा, मग त्याहून मोठा हिस्सा काढून तितकाच खाणींतील चुरा घालतात. सिमेंट, खडी व पाणी तेंच ठेवावें लागतें. एरवीं गुण कोणाचा व दोष कोणाचा हें उमगणार नाहीं. प्रत्येक मिश्रणाचे १५ सेंटिमीटर बाजूचे घनाकृति ठोकळे ओतून, दुसऱ्या दिवशीं साच्यांतून सोडवून पाण्यांत ठेवतात आणि ७ व्या व २८ व्या दिवशीं यंत्रांत फुटेपर्यंत दाबतात. तीन ठोकळ्यांची सरासरी धरावयाची. त्यांतील एखादा सरासरीपासून शेंकडा १५ हून अधिक ढळला तर तो नमुना ग्राह्य नाहीं. घरबांधणीच्या एम-२० काँक्रीटच्या अशा ठोकळ्यानें २८ व्या दिवशीं सुमारें ४६ टन भार सोसावा अशी अपेक्षा असते.

निकाल उपशाच्या जातीवर अवलंबून असतो. वर्धेच्या खोऱ्यांत कोळशाच्या वर कामठी नांवाचा वाळूचा खडक आहे. तो फोडून, धुऊन, चाळून काढलेली वाळू नदीच्या वाळूची जागा बरीचशी सांभाळते. नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीनें अशी वाळू बांधकामास पुरविण्याचा उपक्रम केलाही आहे. शेल मात्र मऊ व पाणी पिणारा. त्याचें प्रमाण वाढवावें तसें ठोकळ्याचें बळ उतरतें. तोच शेल ६०० ते ८०० अंशांच्या आसपास भाजून बारीक दळला, तर त्यांतील माती चुन्याशीं संयोग पावून घट्ट होते. पूर्वजांनीं भाजल्या विटांची सुरखी चुन्यांत मिसळून वाडे उभारले, त्याचें मर्म हेंच.

येथवर सारें ठीक. परंतु २८ दिवसांत उत्तीर्ण झालेला ठोकळा २८ वर्षें टिकेलच असें म्हणतां येत नाहीं. कोळशाच्या सोबतीच्या खडकांत पुष्कळदां लोह व गंधक यांचें पायराइट हें संयुग असतें. हवा व ओल लागतांच त्यापासून सल्फेटें होतात. तीं सिमेंटच्या घटकांशीं मिळून फुगणारे स्फटिक बनवितात आणि काँक्रीट आंतून उकलतें. उत्तर इंग्लंडांत दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेल्या अनेक घरांत जमिनीखालीं खाणींतील जळक्या लाल शेलचा भराव घातला होता. पुढें वरचें काँक्रीट फुगून उचललें, भेगाळलें, आणि कोठें कोठें त्याच्या रेट्यानें भिंतीही बाहेर सरकल्या. भराव खालीं आणि काँक्रीट वर. त्या काँक्रीटचा ठोकळा दाबून या भावी दुखण्याचा सुगावा लागला नसता.

म्हणून आमचें मत असें कीं बळाच्या परीक्षेस रसायनाच्या परीक्षेची जोड हवीच. आपल्या भारतीय मानकांतही तशी तरतूद आहे: वाळू-खडींत कोळशाचे कण शेंकडा १ हून अधिक नसावेत, आणि मिश्रणांतील विरघळणारें सल्फेट सिमेंटच्या वजनाच्या शेंकडा ४ हून जास्त नसावें.

घर बांधणें हें एकत्र कुटुंबांत तीन पिढ्यांचें कार्य असतें. आजोबांची पुंजी, मुलांचें कर्ज आणि नातवंडांचा निवारा त्यांत गुंतलेला असतो. कंत्राटदार नव्या प्रकारची स्वस्त वाळू सुचवील तर केवळ नवेपणासाठीं तिला नाकारूं नये, व केवळ स्वस्ताईसाठीं स्वीकारूंही नये. ती कोणत्या खडकाची, धुतली होती काय, तिच्यांत कोळसा व सल्फेट किती, आणि ठोकळे किती भारास फुटले, हे चार प्रश्न घरांतील कर्त्या मंडळींनीं विचारावेत आणि उत्तरें प्रयोगशाळेच्या कागदावर लेखी घ्यावींत. स्लॅब पडल्यावर हे प्रश्न विचारून उपयोग नाहीं.