वाफ, धूर आणि जिन्यातली पाटी

गेल्या पंधरवड्यात रक्तदाब तपासून घ्यायला आलेले एका गृहनिर्माण सोसायटीचे सेक्रेटरी निघता निघता दारातच थांबले. म्हणाले, "डॉक्टर, आमच्या जिन्यात ‘धूम्रपानास मनाई’ अशी पाटी आहे. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा म्हणतो, मी धूम्रपान करतच नाही, ही नुसती वाफ आहे. आता सभेत काय सांगू?" त्यांच्याच इमारतीत राहणाऱ्या, सीओपीडी असलेल्या एक आजी माझ्या जुन्या रुग्ण आहेत. लिफ्ट बंद पडली की दोन मजले चढताना त्यांना तीनदा थांबावे लागते. थांबतात त्या जिन्याच्या वळणावर, आणि संध्याकाळी व्हेप ओढणारी तरुण मंडळीही तिथेच उभी असतात. त्यामुळे हा प्रश्न मला निव्वळ शब्दांचा वाटला नाही.

माझे उत्तर असे : मनाई ई-सिगारेटलाही लागू असावी आणि पाटीवर तसे स्पष्ट शब्दांत लिहावे. मात्र त्यासाठी ‘वाफ आणि धूर एकच’ असे सांगू नये. ते खरे नाही, आणि अर्धवट खरे बोलून तरुणांशी वाद घातला की आपण पहिल्याच वाक्यात हरतो.

आधी हे यंत्र काय आहे ते पाहू. २००३ साली होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने आजच्या ई-सिगारेटची घडण केली. तो स्वतः अट्टल धूम्रपान करणारा होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. म्हणजे मूळ हेतू वाईट नव्हता. यंत्रात एक बॅटरी, एक तापणारी तार आणि द्रवाची छोटी कुपी असते. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. तार तापली की द्रवाचे अतिसूक्ष्म थेंबांचे धुके होते. आपण चहाच्या पातेल्यावर पाहतो ती पाण्याची वाफ ही नव्हे. त्या धुक्यात निकोटिन असते, फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीन यांसारखी दाहक द्रव्ये कमी-अधिक प्रमाणात आढळतात, शिवाय तापलेल्या तारेतून निकेल, क्रोमियम, शिसे अशा धातूंचे अंश उतरतात. तंबाखूचे पान जळत नसल्यामुळे सिगारेटच्या धुरातला डांबरासारखा चिकटा आणि कार्बन मोनॉक्साइड यात नसतो. हा फरक मोठा आहे आणि तो मान्य करायला हवा.

शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे काय? सिगारेट दोन ओढींच्या मधल्या वेळातही जळत राहते आणि आसपासच्या माणसांपर्यंत धूर पोहोचवत राहते. व्हेपचे धुके मात्र ओढणाऱ्याने बाहेर सोडले तरच हवेत येते. त्यामुळे आजूबाजूच्या माणसाच्या वाट्याला सिगारेटपेक्षा बरेच कमी येते. परंतु ‘कमी’ म्हणजे ‘नाही’ असे नव्हे. बंद खोलीत, लिफ्टमध्ये, जिन्याच्या वळणावर निकोटिन आणि सूक्ष्म कण हवेत मोजता येतात. ज्यांनी व्यावसायिक नाटके पाहिली आहेत त्यांनी रंगमंचावर सोडलेले धुके पाहिले असेल. त्याच्या अनेक प्रकारांत हेच ग्लायकॉल असते. अशा यंत्रांजवळ रोज काम करणाऱ्या रंगमंच-कर्मचाऱ्यांमध्ये खोकला आणि घशाचा कोरडेपणा यांची नोंद झालेली आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात दमा असलेल्या शाळकरी मुलांच्या पाहणीत, ज्यांच्या आसपास कोणी ई-सिगारेट ओढत होते त्यांच्यात दम्याचा झटका येऊन गेल्याचे प्रमाण अधिक आढळले. अशा पाहणीने कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही निरोगी तिशीतल्या फुप्फुसाला जे जाणवणारही नाही, ते सत्तरीतल्या, आधीच सुजलेल्या श्वासनलिकेला पुरेसे चिथावू शकते, हे दमेकऱ्याच्या घरात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. उदबत्ती, फोडणीचा ठसका, नव्या रंगाचा वास यांनीसुद्धा आजोबा पंप शोधू लागतात ना?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हलका नाही. सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना या यंत्राची मदत होते, मग त्यांना धूम्रपान करणाऱ्यांच्या रांगेत का उभे करायचे? निकोटिनच्या पट्टी-च्युइंगगमपेक्षा निकोटिनयुक्त ई-सिगारेटने सिगारेट सुटण्याचे प्रमाण अधिक दिसते, असा निष्कर्ष कॉक्रेन या नामांकित संस्थेच्या आढाव्यांत आहे. इंग्लंडने म्हणूनच सौम्य मार्ग धरला. तिथला २००७ चा धूम्रपानबंदी कायदा या यंत्रांना लागू होत नाही. निर्णय त्या त्या जागेच्या मालकावर सोपवला गेला. वेल्सने २०१६ मध्ये काही सार्वजनिक जागांपुरती बंदी आणू पाहिली, पण ते विधेयक बारगळले. उलट अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने २०१० मध्ये, तर न्यूयॉर्क शहराने २०१३ मध्ये आपल्या धूम्रपानबंदीतच ई-सिगारेट सामावून घेतली. शहाणी माणसे दोन्ही बाजूंना आहेत.

माझे म्हणणे एवढेच की, सिगारेट सोडण्याचे साधन म्हणून वापरणाऱ्याला ते लिफ्टमध्येच वापरायची गरज नसते. बंदिस्त सामाईक जागेतली मनाई त्याचे साधन हिरावून घेत नाही. त्याला फक्त चार पावले मोकळ्या हवेत जायला सांगते. आणि इंग्लंडचा दाखला आपल्याकडे पुरता लागू पडत नाही, कारण तिथे द्रवातील निकोटिनचे प्रमाण ठरवून दिलेले आहे, विक्रीवर देखरेख आहे. आपल्याकडे हा माल कायद्याने विकताच येत नाही. म्हणजे इथे कोणाच्याही हातात दिसणारा व्हेप चोरट्या बाजारातून आलेला असतो आणि त्या कुपीत काय भरले आहे हे ओढणाऱ्यालाही ठाऊक नसते. अमेरिकेत २०१९ मध्ये ई-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसांच्या तीव्र आजाराची साथच आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली, ६८ जण दगावले. मुख्य दोषी ठरले ते बेकायदा, गांजातील अर्क असलेल्या द्रवांत मिसळलेले ‘व्हिटॅमिन ई’चे एक संयुग. पोटात गेल्यावर निरुपद्रवी असलेला पदार्थ फुप्फुसात गेल्यावर निरुपद्रवी राहतोच असे नाही, हे यातून दिसले. ‘यात फक्त आंब्याचा स्वाद आहे’ हे उत्तर म्हणूनच मला पटत नाही.

आता कायदा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये संपूर्ण बंदीची शिफारस केली, सप्टेंबरमध्ये अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१९ मध्ये कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात हे सारे गुन्हे ठरले. निकोटिन असो वा नसो, ई-हुक्कासुद्धा त्यात आला. साठवण वगळता इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. यादी इतकी लांब आहे, पण तिच्यात ‘ओढणे’ हा शब्द नाही.

दुसरीकडे, सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई करणारा आपला केंद्रीय कायदा २००३ चा. त्यामागे बराच इतिहास आहे. गोव्याने १९९७ मध्येच धूम्रपान आणि थुंकणे या दोहोंविरुद्ध एकत्र कायदा केला होता, आणि मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये देशभरातील सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचा आदेश दिला. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी कार्यालये, मॉल, चित्रपटगृहे यांचाही स्पष्ट उल्लेख केला. दंड २०० रुपयांपर्यंत. पण या कायद्यातील ‘धूम्रपान’ची व्याख्या तंबाखू ओढण्याची आहे : सिगारेट, बिडी, चिरूट, किंवा एखाद्या साधनाच्या मदतीने. यंत्रात तंबाखूचे पान नसून फक्त द्रव असेल तर ते या व्याख्येत बसते का, यावर कोणीही वकील तासभर बोलू शकेल. म्हणजे एक कायदा विक्री थांबवतो, दुसरा तंबाखूचा धूर थांबवतो, आणि जिन्यातले धुके दोहोंच्या मधून निसटते. खरे तर ही फट केंद्राने व्याख्येत दोन शब्द घालून बुजवायला हवी. सिंगापूरने २०१८ पासून वापरणे आणि जवळ बाळगणे हेही गुन्हे ठरवले आहेत. (मुलांकडे तिथे जाणाऱ्या आजी-आजोबांनी एवढे करावे : नातवाने ‘जरा बॅगेत ठेवा’ म्हणून दिलेले पेनसारखे दिसणारे काहीही आधी नीट पाहावे.) तुरुंगवासाच्या भीतीने तरुणांचे व्यसन सुटते यावर माझा विश्वास नाही, पण दुसऱ्याच्या श्वासात धुके सोडायला मनाई करणे वेगळे आणि व्यसनी माणसाला गुन्हेगार ठरवणे वेगळे.

केंद्र करील तेव्हा करील. तोवर सोसायटी, मंगल कार्यालय, विरंगुळा केंद्र, ग्रंथालय आणि आमच्यासारख्यांचे दवाखाने यांनी स्वतःपुरते शब्द नेमके करावेत. स्वतःच्या घरात कोणी काय करावे हे सोसायटीच्या सभेने ठरवायचे नसते. सामाईक जागेबद्दल मात्र ठराव करता येतो. मी सेक्रेटरींना लिहून दिले ते असे : ‘जिना, लिफ्ट, गच्ची व वाहनतळ येथे सिगारेट, बिडी, हुक्का, ई-सिगारेट किंवा व्हेप ओढण्यास मनाई आहे.’ ‘वाफ घेण्यास मनाई’ असे मात्र लिहू नका. सर्दीत वाफारा घेणाऱ्या किंवा नेब्युलायझर लावणाऱ्या आजोबांनाच कोणीतरी अडवायचे. शब्द स्पष्ट असण्याचा आणखी एक लाभ आहे. वॉचमनला धूर की वाफ असा न्याय करत बसावे लागत नाही. हातात यंत्र दिसले, तोंडातून ढग निघाला, एवढे पुरे.

पाटी घराच्या उंबऱ्यापर्यंतच पोहोचते. आत काय करायचे, हे काळजी घेणाऱ्यांनी पाहायचे आहे, आणि तिथे तीन गोष्टी मला अधिक तातडीच्या वाटतात.

पहिली, घरी ऑक्सिजन चालू असलेला रुग्ण. कॉन्सन्ट्रेटर असो वा सिलिंडर, त्या खोलीत सिगारेट नको हे सर्वांना ठाऊक असते. पण ‘याला ज्योत नाही’ म्हणून व्हेप चालतो असा गैरसमज आहे. तापलेली तार आणि लिथियमची बॅटरी ही ठिणगीची साधने आहेत, आणि ऑक्सिजन भिनलेली चादर, उशी, मफलर क्षणात पेट घेतात. अशा भाजण्याच्या घटना घडलेल्या आहेत. त्या खोलीत ते यंत्र ओढू नये, चार्जिंगला लावू नये, उशाशी ठेवूही नये.

दुसरी, रांगते मूल. द्रवाची कुपी रंगीत असते, तिला गोड वास येतो. निकोटिन हे विष आहे आणि लहान मुलाला थोड्या घोटानेही उलट्या, झटके, श्वास मंदावणे असे होऊ शकते. कुपी तोंडात गेल्याची शंका आली तरी उलटी करवत बसू नका. कुपी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. द्रव अंगावर सांडला तर कपडे काढून त्वचा भरपूर पाण्याने धुवा, कारण निकोटिन त्वचेतूनही शिरते.

तिसरी गोष्ट बोलण्याची आहे. नातू किंवा नात ओढते हे कळल्यावर आजी-आजोबांनी आरडाओरडा केला की ते ओढणे घराबाहेर, जिन्यात जाते. ज्या घरात आजी मिश्री लावते आणि आजोबांच्या खिशात तंबाखूची पुडी असते, तिथे हा उपदेश तसाही फारसा चालत नाही. महाराष्ट्रात ओढण्यापेक्षा चघळण्याचे व्यसन कितीतरी मोठे आहे, आणि माझ्या दवाखान्यात तोंडातले पांढरे चट्टे दिसतात ते बहुधा त्याचेच. त्यामुळे संवादाची सुरुवात ‘तू सोड’ अशी करण्याऐवजी ‘आपण दोघे सोडू’ अशी केली तर ऐकले जाण्याची शक्यता अधिक असते. आजोबांना हृदयविकार असेल तर नातवाला हेही सांगावे की निकोटिन, ते कोणत्याही रूपातले असो, नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढवते. सोडण्यासाठी मदत हवी असेल तर शासनाची राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा १८००-११२-३५६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. निकोटिनचे च्युइंगगमही औषधांच्या दुकानात मिळते; ते किती आणि कसे चघळायचे हे मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, विशेषतः अँजायनाचा त्रास असेल किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर.