साथीच्या नोंदीचे अर्थशास्त्र

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना भोर तालुक्यातील सारोळे गाव मागे पडले की नीरा नदीवरील पूल लागतो. पुलाच्या अलीकडे पुणे जिल्हा आणि पलीकडे सातारा जिल्हा. अलीकडच्या काठावरील गाय आजारी पडली तर तिची नोंद पुणे जिल्ह्याच्या तक्त्यात होते. पलीकडे, शिरवळच्या बाजूस, पडली तर सातारा जिल्ह्याच्या तक्त्यात. गोचीड, डास, चावरी माशी, दुधाचा टेम्पो आणि बाजारास निघालेला बैल यांना मात्र ही हद्द ठाऊक नाही. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे निघणाऱ्या धनगरांच्या वाड्यांनाही ती ठाऊक नसते. रोग कसा पसरतो हे आता शास्त्राला बरेचसे कळले आहे. तो पसरत असल्याचे शासनाला केव्हा कळते आणि कोणामार्फत कळते, हा प्रश्न मात्र वैद्यकाइतकाच अर्थकारणाचाही आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

२०२२ च्या पावसाळ्यातील लम्पी चर्मरोगाची साथ वाचकांच्या स्मरणात असेल. भारतात हा रोग प्रथम २०१९ साली ओडिशात आढळला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात त्याने डोके वर काढले आणि काही आठवड्यांत तो राज्यभर पसरला. जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतुकीवर निर्बंध आले. हा रोग माणसाला होत नाही आणि उकळलेल्या दुधापासून धोका नाही, असे शासन वारंवार सांगत होते. तरीही गावोगाव गिऱ्हाईक बिचकले. त्या दिवसांत आमच्या परिसरातील एका शेतकऱ्याच्या गाईच्या अंगावर गाठी आल्या. त्याने गाय मागच्या पडवीत बांधली, अंगावर गोणपाट टाकले आणि दवाखान्यात न जाता ओळखीच्या माणसाकडून इंजेक्शन टोचून घेतले. त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, सांगितलं असतं तर डेअरीनं दूध घेतलं नसतं. मग माझी फी कशी भरली असती?” आठ दिवसांनी शेजारच्या दोन गोठ्यांत गाठी दिसल्या.

या शेतकऱ्यास अडाणी किंवा बेजबाबदार म्हणणे सोपे आहे. पण त्याचा हिशेब तपासून पाहू. समजा, गाय दिवसाला दहा लिटर दूध देते आणि लिटरला तीस रुपये मिळतात. रोग कळविला आणि दूध महिनाभर नाकारले गेले, तर नऊ हजार रुपये बुडतात. हे नुकसान निश्चित आहे, ते आजचे आहे आणि सर्वस्वी त्याचे एकट्याचे आहे. कळविल्यामुळे आजूबाजूच्या शंभर गोठ्यांना वेळीच लस मिळाली, तर होणारा लाभ कितीतरी मोठा असतो. पण तो त्या शंभर जणांचा असतो. खर्च एकाच्या माथी आणि लाभ सर्वांच्या पदरी, अशी स्थिती असली की ती वस्तू समाजाच्या गरजेपेक्षा कमी निर्माण होते, हा अर्थशास्त्राच्या पहिल्या इयत्तेतील धडा आहे. साथीची खबर ही अशीच सार्वजनिक वस्तू आहे. रस्ता किंवा धरण याप्रमाणे तिचाही खर्च समाजाने उचलावा लागतो.

दडपशाही आणि बक्षीस

याबाबत आपल्याच इतिहासात दोन परस्परविरोधी प्रयोग होऊन गेले आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लौकरच तो पुण्यात पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या आणि रुग्णांना सक्तीने हलविले. रँडसाहेबाच्या कारकीर्दीचा शेवट कसा झाला हे शाळकरी मुलासही माहीत आहे. पण या धोरणाच्या एका परिणामाकडे आपले लक्ष कमी जाते. लोक रुग्ण लपवू लागले. घरात मृत्यू झाला तरी त्याची वाच्यता होईना. ज्या यंत्रणेने रोग शोधावयाचा, तिच्याच धाकाने तो दिसेनासा झाला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. लोक ज्यांच्यापाशी दुखणे उघड करू शकत होते अशी माणसे तेव्हाही होती. सरकारी यंत्रणेने मात्र तो विश्वास मिळविला नव्हता.

दुसरा प्रयोग देवीच्या उच्चाटनाचा. १९७० च्या दशकात सरसकट टोचणीवर भिस्त न ठेवता रुग्ण हुडकून काढणे आणि त्याच्या भोवतालच्या सर्वांना टोचणे, या पद्धतीवर भर देण्यात आला. देवीच्या रुग्णाची खबर देणाऱ्यास रोख बक्षीस जाहीर झाले. रुग्ण जसजसे विरळ होत गेले तसतशी ही रक्कम वाढत गेली आणि अखेरीस १००० रुपयांवर पोहोचली. त्या काळच्या हजार रुपयांची किंमत वाचकांतील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले. येथे शासनाने खबर अक्षरशः विकत घेतली आणि तो सौदा अत्यंत स्वस्तात पडला.

जनावरांतील बुळकांड्या रोगाची हकीगतही अशीच आहे. एकेकाळी या रोगाने गोठेच्या गोठे ओस पाडले. लसीकरणाने तो आटोक्यात आला. भारतातील शेवटचा उद्रेक १९९५ चा. परंतु रोग गेला असे म्हणण्यासाठी लस थांबवून गावोगाव वर्षानुवर्षे शोध घ्यावा लागला, तेव्हा कोठे २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये सारे जग या रोगातून मुक्त ठरले. देवीनंतर पृथ्वीवरून समूळ नाहीसा झालेला हा दुसराच रोग होय.

मुक्या जिवांचा इशारा

प्लेगच्या काळात खेड्यापाड्यांतील लोकांनी स्वतःची एक टेहळणी बसविली होती. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालावयाच्या. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग असून पिसवा तो माणसापर्यंत आणतात, हे पॉल लुई सिमाँ याने १८९८ साली दाखविले. पण उंदीर पडण्याचा अर्थ लोक अनुभवाने शिकले होते. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९९४ च्या ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर मेले, पिसवांचा उपद्रव झाला आणि त्यानंतर गाठीच्या तापाचे रुग्ण दिसू लागले. सप्टेंबरमध्ये सुरतेत हाहाकार उडाला, लोक शहर सोडून पळाले, काही देशांनी भारताशी असलेली विमानसेवा थांबविली. एका जिल्ह्यातील इशारा वेळेवर वाचता न आल्यास साऱ्या देशाच्या व्यापारास त्याची किंमत मोजावी लागते, हे त्या वर्षी दिसले.

उंदरांचे काम कर्नाटकात माकडांनी केले. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मेली, पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली. १९५२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने त्या विषाणूचा छडा लावला. हेच केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. २०१६ साली हा माकडताप सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात प्रकटला. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला हे काम कोंबड्यांनी केले. भारतातील बर्ड फ्लूची पहिली नोंद ती. प्रत्येक वेळी आधी जनावर मेले. ते मेल्याचे प्रथम ज्याला दिसले तो उंदीर झाडून टाकणारा, लाकूडफाटा आणणारा किंवा कोंबड्या पाळणारा सामान्य माणूस होता, वैद्य नव्हे.

दोन तक्ते

आज आपल्यापाशी यंत्रणा नाही असे नव्हे. माणसांसाठी २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. आरोग्यसेविकेने लक्षणांवरून, डॉक्टरने तपासणीवरून आणि प्रयोगशाळेने चाचणीवरून माहिती द्यावयाची, अशी त्याची तीनपदरी रचना आहे. २०२१ पासून ही माहिती संगणकीय मंचावर जाते. जनावरांसाठी २००९ चा कायदा आहे. रोगाचा संशय येताच पशुपालकाने गावच्या अधिकाऱ्यास किंवा पंचायतीस कळवावे असे तो सांगतो. २०१९ पासून लाळ्या खुरकूत व सांसर्गिक गर्भपात या रोगांविरुद्ध राष्ट्रीय मोहीम चालू आहे आणि जनावरांच्या कानांत बारा आकडी बिल्ले आले आहेत. पुण्यात औंधला पशुरोग अन्वेषणाची प्रयोगशाळा आहे, पाषाणला विषाणू संस्थेची अतिसुरक्षित प्रयोगशाळा आहे आणि सारोळ्याच्या पुलापलीकडे शिरवळला १९८८ मध्ये सुरू झालेले क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. इतकी विद्वत्ता इतक्या जवळ असलेला प्रदेश देशात विरळाच.

ही यंत्रणा जागी असली तर काय होते, हे शेजारच्या पुरंदर तालुक्यातील बेलसर गावाने दाखविले. जुलै २०२१ मध्ये, कोरोनाच्या ऐन धामधुमीत, तेथे तापाचे रुग्ण वाढले. कोरोना म्हणून तो विषय सोडून देता आला असता. पण पाच नमुने पुण्याच्या विषाणू संस्थेकडे गेले, त्यांपैकी तिघांना चिकुनगुन्या निघाला. संस्थेचे पथक गावात आले, आणखी ४१ नमुने घेतले गेले आणि त्यांत महाराष्ट्रातील पहिला झिका रुग्ण सापडला. एका आडगावी हे घडले, कारण तापाची मोजदाद कोणीतरी केली व नमुने पाठविण्याची तसदी घेतली.

उणीव आहे ती या दोन तक्त्यांची गाठ पडण्यात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी व धायरी परिसरात गुलेन बारी विकाराचे रुग्ण अकस्मात वाढले. संशयितांची संख्या दोनशेच्या वर गेली. हा विकार स्वतः संसर्गजन्य नाही, परंतु तो पोटातील संसर्गापाठोपाठ येऊ शकतो आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू सापडला. कोंबड्यांच्या आतड्यांत हा जीवाणू त्यांना काहीही त्रास न देता राहतो. दूषित पाणी व कच्चे मांस यांतून तो माणसात येतो. म्हणजे पाणी एका खात्याचे, कोंबडी दुसऱ्या खात्याची आणि रुग्ण तिसऱ्या खात्याचा. अशा वेळी प्रत्येक खात्याचा कागद आपल्यापुरता बिनचूक असूनही रोगाचे संपूर्ण चित्र कोणाच्याच टेबलावर नसते. मानव, पशू आणि पर्यावरण यांचे आरोग्य एकच मानणारी राष्ट्रीय मोहीम आखली गेली आहे, नागपूरला त्यासाठी संस्थेची कोनशिला डिसेंबर २०२२ मध्ये बसली आहे. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु नागपूरच्या इमारतीपासून नीरेच्या काठावरील गोठ्यापर्यंतचा रस्ता तालुक्यावरूनच जातो.

काय करता येईल?

पहिली गोष्ट भरपाईची. लम्पीच्या साथीत मेलेल्या दुभत्या जनावरास ३०,००० रुपये, ओढकाम करणाऱ्यास २५,००० आणि वासरास १६,००० असा दर होता. चांगल्या संकरित गाईची बाजारातील किंमत याहून पुष्कळ अधिक असते. शिवाय ही भरपाई मृत्यूची आहे, खबरीची नव्हे. रोग वेळेवर कळवून जनावर वाचविणाऱ्याला काहीच मिळत नाही. नोंद केल्यापासून दूध बंद राहील तितक्या दिवसांचे काही उत्पन्न शासनाने व दूध संघांनी मिळून भरून द्यावे. यातून खोट्या नोंदी होतील अशी शंका घेतली जाईल. काही होतीलही. पण देवीच्या मोहिमेतही प्रत्येक पुरळ देवीचे निघाले नव्हते. दहा निष्फळ फेऱ्यांचा खर्च एका निसटलेल्या साथीपेक्षा कमीच असतो.

दुसरी गोष्ट सामाईक तक्त्याची. तालुका आरोग्य अधिकारी आणि पशुधन विकास अधिकारी यांनी आठवड्यातून एकदा आपापले आकडे एका कागदावर मांडावेत. भोर आणि खंडाळा यांसारख्या शेजारी तालुक्यांनी, जिल्हा वेगळा असला तरी, ते एकमेकांस द्यावेत. रुग्णाचे नाव त्यात असण्याचे कारण नाही. गाव, लक्षण आणि संख्या पुरे. हा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. आज गावाकडून माहिती वर जाते आणि परत येत नाही. माहिती देणाऱ्यास तिचा उपयोग दिसला नाही, की पुढच्या वेळी तो ती देण्याचा कंटाळा करतो.

तिसरी गोष्ट प्रस्तुत वृत्तपत्राच्या वाचकांच्या हातातील आहे. शाळेचा हजेरीपट आणि दूध संकलन केंद्राची वही ही दोन दप्तरे आपल्या प्रत्येक मोठ्या गावात रोज भरली जातात. एका वाडीतील सात-आठ मुले एकाच आठवड्यात तापाने गैरहजर राहिली, हे शिक्षकाला वैद्यकीय अधिकाऱ्याच्या आधी दिसते. एका आळीचे दूध तीन दिवसांत निम्म्यावर आले, हे केंद्रावरील कारकुनाला पशुवैद्यापूर्वी कळते. यासाठी नवी यंत्रे, नवी पदे वा नवे अनुदान लागत नाही. दूरध्वनीचा एक क्रमांक आणि पलीकडे तो उचलणारे माणूस लागते. तो उचलला जाईल एवढी हमी शासनाने दिली, तर पडवीत गोणपाटाखाली गाय झाकण्याची वेळ पुढच्या साथीत आमच्या त्या शेतकऱ्यावर येणार नाही, आणि शेजारचे दोन गोठेही वाचतील.