वार कोणता, विसावा कोणाचा?

शब्बाथ शनिवारी पाळावा की रविवारी, या वादात दोन्ही पक्ष इतिहासाला आपापल्या सोयीने राबवतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. रविवारची उपासना ही सम्राट कॉन्स्टंटाइनची निर्मिती, हा शनिवारवाद्यांचा आवडता सिद्धान्त, परंतु इ. स. १५० च्या सुमारासच जस्टिन मार्टर रविवारच्या सभेचे वर्णन करतो. त्या वर्णनात विश्रांतीचा उल्लेखही नाही, हे रविवारवादी सांगत नाहीत. ३२१ साली कॉन्स्टंटाइनने रविवारी न्यायालये आणि शहरांतील उद्योग बंद ठेवविले. शेतकऱ्यांना मात्र राबण्याची मोकळीक दिली!

'अनुवाद' ग्रंथाचा पाचवा अध्याय सांगतो की, दास-दासींनाही धन्यासारखाच विसावा मिळावा. कारण तुम्हीही मिसर देशात दास होता. वारासाठी भांडणाऱ्यांनी आधी एवढेच सांगावे : आपल्या दारच्या चाकराचा शब्बाथ कोणत्या वारी?