व्रण, वण आणि 'मुका मार'

'पायाला व्रण आहे' एवढेच वैद्याने सांगितले तर रुग्ण निर्धास्त होतो, कारण बोली मराठीत व्रण अथवा वण म्हणजे बऱ्या झालेल्या जखमेची खूण. या अर्थांतराचे बीज सुश्रुतसंहितेतच आहे. व्रण भरून आला तरी व्रणवस्तु देह असेपर्यंत नाहीसे होत नाही, म्हणून त्यास व्रण म्हणावे, अशी निरुक्ती सूत्रस्थानात आहे. लोकांनी खूण तेवढी जवळ ठेवली आणि मूळ विकारासाठी फारसीतून 'जखम' घेतली. 'इजा'ही अरबीच, १९४८ पर्यंत निजामी अमलात राहिलेल्या आमच्या मराठवाड्याला हे शब्द परके कसे वाटावेत?

आमची तक्रार शब्दाच्या कुळाविषयी नाही. केसपेपरवर सर्रास लिहिल्या जाणाऱ्या एकट्या 'जखम' या शब्दाविषयी आहे. सुश्रुतांनी सद्योव्रणाचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा भेद केले. नांदेड-लातूरकडील शेतकरी त्यांतील बरेचसे न शिकता सांगतो: कोयत्याने तुटले, खिळा रुतला, दगडाखाली चेचले, पडून खरचटले. ते आपण 'जखम' या एका शब्दात पुसून टाकतो. घृष्ट व्रण मोठा दिसतो, आग करतो, पण उथळ असतो. विद्धाचे तोंड तिळाएवढे आणि खोली बोटभर. धनुर्वाताचे भय तेथे अधिक. औषधी दुकानात मात्र दोहोंसाठी तीच जात्यादि तेलाची बाटली दिली जाते. कशाने लागले, केव्हा लागले, मधुमेह आहे काय, धनुर्वाताची लस कधी घेतली, हे विचारण्यास दुकानदार बंधूंना कितीसा वेळ लागेल?

सर्वांत फसवा शब्द 'मुका मार'. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. पिच्चिताचे वर्णन ग्रंथात वाचणे निराळे आणि असा प्रसंग आपल्याच जिल्ह्यात घडणे निराळे. त्वचा अभंग असली तरी तासन् तास दबलेल्या मांसपेशींतील विषारी द्रव्ये वृक्कांचा घात करतात. विहीर ढासळून वा ट्रॅक्टरखाली दबलेल्या माणसाची लघवी कमी किंवा काळपट झाली, तर लेप न लावता त्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयात धाडावे.

केसपेपरवर रुग्णाचा शब्द जसाच्या तसा, त्यापुढे सुश्रुतोक्त भेद, आणि दिनांक व वेळ लिहावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीव्र वेदनेमुळे ठरणाऱ्या 'जबर दुखापती'ची मुदत २० दिवसांवरून १५ दिवसांवर आली आहे. तेव्हा दिनांक तरी गाळू नये.