सीतामाईचे मूठभर गहू



रोवणी आटोपली, की बांधीत वाकून कंबर धरलेल्या बायांना जरा उसंत मिळते. म्हणून या खेपेला खत-बियाणे बाजूला ठेवू आणि एक कथा ऐकू.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचे गाव आहे. तिथे सीतामाईचे मंदिर आहे. शेजारी राम नाही, लक्ष्मण नाही, सीता एकटीच. गावकरी सांगतात, रामाने टाकलेली गरोदर सीता इथल्याच रानात आली आणि लव-कुश इथेच जन्मले. बाळंतिणीने गावात मूठभर गहू मागितले. कोणी दिले नाहीत. तेव्हा तिने शाप दिला, की या शिवारात गहू पिकणार नाही.

पोथीत रामाचा राजधर्म येतो. रावेरीची कथा विचारते, ओल्या बाळंतिणीने खायचे काय? हा प्रश्न बाईच्याच जिवाला शिवतो. जात्यावरच्या ओव्यांतही बायांनी सीतेचा वनवास आपल्या सासुरवासाशी जोडून गायिला आहे. शिकलेल्या बायांनीही हे काम केले. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये गांधारी, कुंती, द्रौपदी यांची मने उलगडून दाखवली, त्या पुस्तकाला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

दूर ग्रीस देशातही अशीच एक जुनी कथा आहे. डिमीटर ही तिथली धान्याची देवी. तिची लेक पर्सेफोनी हिला पाताळाच्या राजाने पळवून नेले. बापाची त्याला संमती होती. आईला कोणी विचारलेच नाही. आई रागावली आणि पृथ्वीवर एक दाणा उगवेना. शेवटी देवांना नमावे लागले. लेक वर्षातले काही महिने आईकडे राहू लागली, तेव्हा पिके परतली. देश वेगळा, पण गोष्ट एकच: बाईला डावलले, की शिवार रुसते.

‘सीता’ या शब्दाचा अर्थच नांगराने पडलेले तास. जनकाला ती तिथेच सापडली. आपल्या गोंदियात पऱ्हे उपटण्यापासून रोवणी, निंदण, कापणीपर्यंत बाईचा हात लागल्याशिवाय धान घरात येत नाही. पण सात-बारा काढून पाहा. त्यावर तिचे नाव किती घरांत आहे? पीककर्ज घ्यायचे, आधारभूत केंद्रावर धान विकायचे, तर आधी सात-बारा मागतात. उद्या कुंकू पुसले गेले, तर राबणाऱ्या बाईला मूठभर गव्हासाठी दीर-भाच्यांपुढे हात पसरावा लागू नये.

रावेरीच्या मंदिराचा जीर्णोद्धार करणारे शरद जोशी यांनी हेच ओळखले होते. १९८६ साली शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन चांदवडला भरले. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रमात हजारो शेतकऱ्यांनी आपखुशीने जमिनीचा तुकडा घरधनिणीच्या नावे केला. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हक्क लेकाएवढाच आहे. विधवेचा वाटाही मुलांच्या बरोबरीचा आहे.

तेव्हा बंधूंनो, धान निसवण्याआधी एकदा तलाठी कार्यालयात जाऊन या. पत्नीचे नाव लावण्याची रीत विचारा. घरात कोणी वारले असेल, तर वारस नोंदीत आई, पत्नी, लेक यांची नावे राहिली नाहीत ना, ते पाहा. भगिनींनो, सही किंवा अंगठा देण्यापूर्वी कागद वाचून घ्या. ‘हक्कसोड’ हा शब्द दिसला, तर घाई करू नका.

सीतेने मूठभरच मागितले होते. तेवढे आपल्याला देता येईल.