कथा कुठवर आली?



राजुऱ्यातील वैशाखाची दुपार घराबाहेर काढण्याजोगी नसते. चंद्रपूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो आणि वर्धेच्या काठची गावेही या झळांतून सुटत नाहीत. अशा वेळी ज्येष्ठांनी घरातच राहावे, हा सल्ला आपण पाळताच. मात्र त्याच वेळी सुटीतली नातवंडेही घरातच असतात. कूलर लावलेल्या एकाच खोलीत आजोबा पलंगावर आणि नातू पडद्यासमोर, अशी अनेक घरांतील स्थिती असते. दोघांत बोलणे होते ते एवढेच : "किती वेळ झाला रे?" "झालंच आजोबा, पाच मिनिटं." त्या पाच मिनिटांचा तास होतो. आजोबा चिडतात, नातू पाठ फिरवतो आणि दोघांनाही सांभाळणारी घरातील सून मधल्या मध्ये अडकते.

एकाच छताखालचा हा अबोला ज्येष्ठांच्या प्रकृतीला मानवत नाही. दिवसभर कोणाशी चार वाक्ये बोलणे झाले नाही, की भूक मंदावते, झोप उडते आणि मन खिन्न होते. म्हणून आज एक साधा उपाय सुचवायचा आहे. "किती वेळ झाला?" या प्रश्नाऐवजी "कथा कुठवर आली?" असे विचारून पाहा.

खेळात कसली कथा, असे आपणांस वाटेल. परंतु 'रोल-प्लेइंग गेम' या प्रकारात कथाच मुख्य असते. खेळणारा एका पात्राची भूमिका स्वीकारतो, त्याचे रूप, शस्त्र आणि विद्या निवडतो आणि त्याच्या डोळ्यांनी एका काल्पनिक जगात वावरतो. आपण ज्याला 'सोंग घेणे' म्हणतो, त्याचेच हे नवे रूप.

उदाहरण म्हणून 'किंग्डम्स ऑफ अमलूर : रेकनिंग' हा अमेरिकेत तयार झालेला खेळ घेऊ. तो फेब्रुवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा नायक कथेच्या आरंभीच मरण पावलेला असतो आणि आत्म्यांच्या एका विहिरीतून पुन्हा जिवंत होतो. त्या जगात प्रत्येकाचे प्राक्तन आधीच विणलेले असते आणि ते वाचून सांगणारे भविष्यवेत्तेही असतात. मरून परतलेल्या या एकट्याचे ललाट मात्र कोरे असते. साहजिकच, इतरांचे ठरलेले प्राक्तनही बदलण्याचे सामर्थ्य त्याच्याकडे येते. सटवाईने पाचव्या दिवशी लिहिलेले कपाळ पुसता येते काय, हा प्रश्न ज्यांनी लहानपणी आजीला विचारला असेल, त्यांना ही कथा परकी वाटू नये.

खुद्द खेळाचे प्राक्तनही विलक्षण ठरले. त्यासाठी आर. ए. साल्वातोर या कादंबरीकाराने दहा हजार वर्षांचा कल्पित इतिहास रचला होता. परंतु खेळ बाजारात आल्यावर काही महिन्यांतच त्यामागची '३८ स्टुडिओज' ही कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढे २०१८ मध्ये 'टीएचक्यू नॉर्डिक' या कंपनीने हक्क घेतले, सप्टेंबर २०२० मध्ये खेळाची उजळून काढलेली आवृत्ती आणली आणि डिसेंबर २०२१ मध्ये 'फेटस्वॉर्न' हा नवा भाग त्याला जोडला. जवळजवळ दहा वर्षे थांबलेली कथा पुन्हा पुढे सरकली. अशा नव्या आवृत्तीला खेळाडू 'रीमास्टर' म्हणतात आणि जोडभागाला 'एक्स्पान्शन'.

नातू कानाला हेडफोन लावून मित्रांशी तासन्‌तास बोलतो, त्यातील बराच भाग अशाच गोष्टींचा असतो. जुन्या खेळाला नुसता रंग दिला की भिंतींचीही डागडुजी केली? पैसे मोजावेत एवढा बदल झाला आहे काय? नव्या भागात नायकाचे पुढे काय होणार? आणि नवा भाग येण्यापूर्वी जुना पुन्हा पहिल्यापासून खेळावा काय?

हे बोलणे आपणांस नवे नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत झाडीपट्टीची नाटके दिवाळीनंतर सुरू होतात आणि शिमग्यापर्यंत रात्ररात्र रंगतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्या मंडळ्यांचे माहेरघर. २०२३ मध्ये या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सबंध परिसराला अभिमान वाटला. गाजलेले नाटक नव्या संचात उभे राहिले, की सकाळी पारावर काय चर्चा होते, ते आठवा. पहिला खलनायक बरा की आताचा, गाणी कापली की ठेवली, पुढच्या हंगामात कोणते नाटक येणार! नातू आणि त्याचे मित्र तेच करीत असतात. त्यांचा पार तेवढा दिसत नाही.

इंग्रजी खेळ आपणांस कळणार नाही, ही अडचण खरी आहे. तेव्हा पुण्यात घडलेल्या एका खेळापासून आरंभ करावा. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० मध्ये 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. तो काटेकोर अर्थाने रोल-प्लेइंग नसून साहसाचा खेळ आहे. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली राजी ही त्याची नायिका. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात आणि कथेचे काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत येतात. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती शैली ओळखीची वाटेल. २०२२ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज जोडण्यात आला. त्यामुळे डोळे अधू असलेल्या आजीलाही नातवाशेजारी बसून कथा ऐकता येते.

शेजारी बसताना काही पथ्ये पाळावीत. पडदा वेगाने फिरला की अनेक ज्येष्ठांना गरगरते, मळमळते; तसे होताच दृष्टी पडद्यावरून काढून स्थिर वस्तूकडे वळवावी आणि पुढील कथा केवळ ऐकावी. अपस्माराचा त्रास असणाऱ्यांनी लखलखणारी दृश्ये टाळावीत. जवळचे वाचण्याचा चष्मा दूरच्या पडद्यासाठी उपयोगी नसतो, म्हणून दूरचा चष्मा लावावा. दर २० मिनिटांनी २० सेकंद तरी सुमारे २० फुटांवरील वस्तूकडे पाहावे आणि पापण्यांची उघडझाप मुद्दाम करावी. अर्ध्या तासाने आजोबांनी आणि नातवानेही उठून चार पावले चालावे, पाणी प्यावे. डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण बांधून दिले असेल, तर ते पाळावे. झोपण्यापूर्वी तासभर पडदा बंद असावा. घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असल्यास युद्धाची, रक्तपाताची दृश्ये त्याच्यासमोर नकोत. ती त्याला खरी वाटून तो घाबरू शकतो.

खेळाने स्मृती वाढते, अशा जाहिरातींना मात्र भुलू नये. २०१३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ६० ते ८५ वर्षे वयाच्या व्यक्तींवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच वेळी दोन कामांकडे लक्ष देण्याची त्यांची क्षमता महिनाभराच्या सरावाने सुधारली आणि तो परिणाम सहा महिन्यांनंतरही टिकला. परंतु तो खेळ संशोधकांनी त्याच हेतूने तयार केला होता. दुकानातील कोणताही खेळ तेच करील, असा अर्थ त्यातून निघत नाही.

आता काळजीची बाजू. खेळणे आणि खेळाच्या आहारी जाणे यांत अंतर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' या विकाराचा समावेश असून ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला महत्त्व येणे आणि हानी दिसत असूनही खेळ न थांबणे, ही त्याची लक्षणे. आणि ती साधारणतः वर्षभर टिकलेली असावी लागतात. नातवाचे जेवण, झोप, अभ्यास आणि मित्र सुरळीत असतील, तर केवळ तासांच्या हिशेबावरून त्याला व्यसनी ठरवू नये. ही घडी विस्कटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. त्यावर निःशुल्क सल्ला मिळतो. सांभाळून थकलेल्या घरच्या माणसांनीही या क्रमांकावर बोलण्यास संकोच करू नये.

पैशांची गोष्टही स्पष्ट असावी. कथेचा खेळ किंवा त्याचा जोडभाग सहसा एकदा किंमत देऊन घ्यावयाचा असतो. पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ ही निराळी बाब असून त्यांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. नातवाने काही विकत घेण्यासाठी आपला फोन मागितला, तर त्याच्या शेजारी बसून रक्कम स्वतः पाहावी. ओटीपी आणि यूपीआयचा पिन कोणालाही सांगू नये.

ज्या घरांत रात्री आजोबांच्या उशाशी जागणारा नातूच असतो, त्या घरांसाठी आणखी एक शब्द. आपले औषध, पाणी, कूस बदलणे हे सारे सांभाळून तो तासभर खेळत असेल, तर तो तास त्याच्या विश्रांतीचा समजावा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला जवळ बोलावून विचारावे, "त्या कोऱ्या कपाळाच्या नायकाचे पुढे काय झाले?" पहिल्या दिवशी उत्तर तुटक येईल. दोन-चार दिवस विचारीत राहावे आणि मध्येच आपली एखादी कथाही सांगावी.