तबला वर्गात यावा

ध्वनी व प्रकाश यांचा अभ्यास लहरींच्या व्याख्येने आरंभावा, अशी आपल्या शाळांची रूढी आहे. मला ती मान्य नाही. व्याख्या पाठ होते. कान आणि डोळे मात्र निजलेलेच राहतात!

मुलांनो, चंद्रशेखर वेंकट रामन यांचेच पाहा. १९२१ साली आगबोटीतून जाताना भूमध्य समुद्राची गर्द निळाई पाहून त्यांना नवल वाटले. ते आकाशाचे प्रतिबिंब होय, असे थोर शास्त्रज्ञ रॅले यांचे मत होते. रामन यांनी एका स्फटिकातून पाहून पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला. तरी निळाई उरलीच! पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात आणि तांबडा प्रकाश पाण्यात शोषला जातो, म्हणून ती दिसते. याच वाटेने पुढे १९२८ साली ‘रामन परिणाम’ गवसला.

याच पुरुषाने तबल्याच्या पुडीचाही अभ्यास केला. शाईच्या थरामुळे पुडीच्या निरनिराळ्या कंपनांची मेळ जुळते, म्हणून तबला सुरात लागतो. तेव्हा प्रथम पुडीवर चिमूटभर रवा पसरावा, बोट मारावे आणि कण कोठे नाचतात, कोठे थांबतात, ते मुलांनी पाहावे. व्याख्या दुसऱ्या दिवशी सांगितली तरी चालेल. परीक्षा जवळ आली, वेळ कोठला, असे शिक्षक म्हणतील. परंतु रव्याला पाच मिनिटे पुरतात.